जुनी गाडी देऊन वर किती भरायचे?

नवी गाडी घ्यायची आणि जुनी शोरूमलाच द्यायची असं ठरलं की घरात पुन्हा पुन्हा एकच प्रश्न निघतो: वर किती भरायचे? या विषयावर वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. रकमा हिशेब समजावा म्हणून उदाहरणादाखल घेतल्या आहेत. तुमच्या गाडीच्या रकमा वेगळ्या असतील, हिशेबाची रीत तीच राहील.

प्रश्न: माझी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक ६२,००० किलोमीटर चालली आहे, मी पहिलाच मालक. एका शोरूमने तिचे ३ लाख १० हजार सांगितले, दुसऱ्याने ३ लाख ६० हजार. नवी गाडी दोन्हीकडे तीच, व्हेरिएंटही तोच. मग दुसरीकडे द्यायला हरकत काय? – एक वाचक, नाशिक

दोन्ही शोरूमची पूर्ण कोटेशनं शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय हो म्हणू नका. जुन्या गाडीचा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

समजा पहिल्या शोरूमचा हिशेब असा आहे: नव्या गाडीची ऑन-रोड किंमत १०,७५,०००, त्यातून सवलत ४०,०००, जुन्या गाडीचे ३,१०,००० आणि एक्स्चेंज बोनस (जुनी गाडी दिल्याबद्दलची वेगळी सूट) २५,०००. वर भरायचे ७,००,०००. दुसऱ्याचा हिशेब: ऑन-रोड १०,९८,०००, सवलत नाही, जुन्या गाडीचे ३,६०,०००, बोनस १५,०००. वर भरायचे ७,२३,०००. म्हणजे ज्याने जुन्या गाडीला पन्नास हजार जास्त दिले, त्याच्याकडेच तुम्ही तेवीस हजार जास्त मोजणार.

हे पन्नास हजार आले कुठून? चाळीस हजारांची सवलत आणि बोनसमधले दहा हजार काढून जुन्या गाडीच्या रकान्यात टाकले, बस. वरचे तेवीस हजार कुठले, तेही बघा. अशा कोटेशनमध्ये बहुतेक वेळा विम्याचा हप्ता बारा-पंधरा हजारांनी जास्त असतो आणि मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप यांचं ‘किट’ आधीच जोडलेलं असतं. विमा शोरूमकडूनच घेण्याची सक्ती नाही. तोच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि तेच ॲड-ऑन सांगून बाहेरून दर मागवा आणि तो शोरूमला दाखवा. किट काढायला सांगा. हँडलिंग चार्ज लावला असेल तर तोही. या उदाहरणात विम्यात चौदा हजार आणि किटमध्ये नऊ हजार सुटले की दुसरा शोरूमही बरोबर सात लाखांवर येतो. दोघे एकच सौदा देत होते, मांडणी तेवढी निराळी होती.

म्हणून क्रम सांभाळा. आधी नव्या गाडीची किंमत ठरवा आणि ती लेखी घ्या. त्यात एक्स-शोरूम, रोड टॅक्स, विमा, नोंदणी, सवलत हे सगळं सुटं सुटं लिहिलेलं हवं. पहिल्याच पाच मिनिटांत ‘एक्स्चेंज आहे का?’ असं विचारतील. ‘अजून ठरलं नाही’ एवढंच उत्तर द्या. नव्या गाडीचा कागद हातात आल्यावर जुनीचा विषय काढा. मग एकच प्रश्न विचारा: ही देऊन वर किती? आणि तो आकडाही लेखी घ्या.

एक्स्चेंज बोनस हा जुन्या गाडीच्या किमतीचा भाग नाही. तो बहुतांशी कंपनीच्या योजनेतून येतो आणि गाडी तीन लाखांची असो की सहा लाखांची, योजनेनुसार तेवढाच मिळतो. ‘बोनस धरून साडेतीन’ असं कोणी म्हणालं तर बोनस वेगळा काढून विचारा. कॉर्पोरेट सवलत आणि एक्स्चेंज बोनस दोन्ही एकत्र मिळतात की दोन्हींपैकी एकच, हेही त्याच वेळी विचारा. योजना दर महिन्याला बदलतात, त्यामुळे मागच्या महिन्यात शेजाऱ्याला काय मिळालं त्यावर विसंबू नका.

प्रश्न: शोरूममध्ये जाण्याआधी आपल्या गाडीची खरी किंमत घरबसल्या कशी काढावी? – सोलापूर

उलट्या दिशेने मोजत या. शोरूम ही गाडी पुढे किती रुपयांना विकू शकेल, हे आधी शोधा. जुन्या गाड्यांच्या दोन-तीन संकेतस्थळांवर तेच मॉडेल, तोच व्हेरिएंट, तेच उत्पादन वर्ष, तेच इंधन, दहा-पंधरा हजार किलोमीटर इकडे-तिकडे, आणि शक्यतो आपल्याच शहरातल्या गाड्या बघा. मिळालेल्या किमतींतली सर्वांत वरची आणि सर्वांत खालची सोडून द्या. मधल्या किमतीतूनही थोडी घासाघीस वजा धरा, कारण ती मागितलेली किंमत आहे, मिळालेली नव्हे.

समजा आकडा ४,२०,००० आला. शोरूमने तुमची गाडी ३,६०,००० ला घेतली तर मधले ६०,००० हा त्याचा मार्जिन. या मार्जिनवर १८ टक्के जीएसटी लागतो (२५ जानेवारी २०२५ पासून सगळ्या जुन्या गाड्यांना हाच दर आहे). तो मार्जिनमध्येच धरला तर साधारण ९,१५० रुपये होतात. टायर, पॉलिश, सर्व्हिसिंगचा खर्च जीएसटीसाठी मार्जिनमधून वजा होत नाही, तो शोरूमला आपल्या खिशातून करावा लागतो. त्याचे १५,००० आणि आरसी ट्रान्सफर, वॉरंटीचे १०,००० धरा. राहिले पंचवीस-सव्वीस हजार. त्यातून दीड-दोन महिने गाडी उभी ठेवण्याचं व्याज, जागेचं भाडं, पगार आणि नफा. म्हणजे ३,६०,००० हा वाजवी भाव झाला. ३,४५,००० पर्यंतही समजून घेता येईल. ३,१०,००० सांगितले तर मधले पन्नास हजार कशाचे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

ही आकडेमोड कागदावर करून गेलात की बोलणं एकदम बदलतं. ‘बाजार पडलाय’ या वाक्यावर तुम्हाला गप्प बसावं लागत नाही.

बाजार खरोखर कधी पडतो, तेही लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की तीच जुनी गाडीही त्या प्रमाणात उतरते. त्याआधीचा भाव मनात धरून बसला असाल तर तो सोडा. दुसरी वेळ जानेवारीची. ३१ डिसेंबर उलटला की गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते. दसरा-दिवाळीच्या आधी जुन्या गाड्यांना गिऱ्हाईक चांगलं असतं.

याच्या जोडीला एक काम करा: कमीत कमी तीन ठिकाणी गाडी दाखवा. एक जिथून नवी घेणार तो शोरूम, एक दुसऱ्या कंपनीचा जुन्या गाड्यांचा विभाग, आणि एक ऑनलाइन खरेदीदार. ऑनलाइन दिसणारा पहिला आकडा हा नुसता अंदाज असतो. गाडी तपासल्यावर येणारा आकडा खरा. त्यातूनही सेवा शुल्क कापणार का, आरसी नावावर होईपर्यंत काही रक्कम रोखून ठेवणार का, हे विचारून मगच तुलना करा.

प्रश्न: दाखवण्याआधी गाडीला पूर्ण रंग मारून घ्यावा का? चारही बाजूंनी ओरखडे आहेत. – एक वाचक, पुणे

नको. पूर्ण रंग मारलेली गाडी बघितली की तपासणाऱ्याला पहिली शंका येते ती अपघाताची. त्याच्या हातात रंगाची जाडी मोजणारं यंत्र असतं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. पुन्हा मारलेला पॅनल दोनशेच्या वर जातो, आणि खाली पुट्टी भरली असेल तर पाचशे-हजारसुद्धा दाखवतो. तुम्ही पन्नास हजार घालून रंग मारणार आणि त्यामुळेच भाव घटणार.

आतून-बाहेरून नीट धुवून घ्या, सीट आणि छताचं कापड स्वच्छ करा. फ्यूज झालेले दिवे, तुटलेले वायपर, न चालणारी काच हे दुरुस्त करा. खर्च शेकड्यांत असतो आणि दिसतं मात्र लगेच. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागत असेल तर आधी स्कॅन करून बघा. सेन्सर बाराशे रुपयांचा असला तरी समोरचा माणूस इंजिनच्या भीतीने वीस-पंचवीस हजार कापतो. टायर गुळगुळीत असतील तरी नवे घालू नका, त्याचे पैसे पूर्ण वसूल होत नाहीत. टायरवरच्या चार अंकी आकड्यातून तो किती जुना हे कळतं: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मूळ टायर इतक्या वर्षांत बदललेलेच नसतील तर त्याची वजावट होणार, ती मान्य करा.

विकायच्या तोंडावर ओरखड्यांसाठी विम्याचा क्लेम करू नका. त्याने नो क्लेम बोनस जातो, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा ओरखड्यांपेक्षा जास्त असते. पुढे त्याबद्दल आलंच आहे.

दुसरी किल्ली मात्र शोधून ठेवा. पुश-बटण गाडीची किल्ली नवी करून घ्यायला कित्येक हजार लागतात आणि ते सरळ तुमच्या भावातून जातात. सर्व्हिसची बिलं किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंदींची प्रिंट, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी हे एका फाइलमध्ये घेऊन जा. आणि महागडी म्युझिक सिस्टिम लावली असेल तर मूळची परत बसवून घ्या. तिला कोणी वेगळा भाव देत नाही.

प्रश्न: तपासणीत ‘गाडी ठोकलेली आहे’ म्हणून साठ हजार कापले. तीन वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये दरवाजा आणि फेंडर चेपले होते, तेवढंच बदललं होतं. हे योग्य आहे का? – छत्रपती संभाजीनगर

नाही, आणि त्यावर वाद घालायला तुमच्याकडे आधार आहे. बोल्टने बसणारे भाग आणि वेल्डिंगने जोडलेले भाग यांत मोठा फरक आहे. बोनेट, दरवाजे, पुढचे फेंडर, डिकीचं झाकण, बंपर हे बोल्टवर बसतात. ते बदलले म्हणजे गाडीचा सांगाडा हलला असं होत नाही. अशा कामाला थोडी वजावट ठीक, चार-पाच लाखांच्या गाडीत साठ हजार नाहीत. पिलर, पुढचे ॲप्रन (बोनेटखालचे दोन बाजूंचे पत्रे), छत, मागचा क्वार्टर पॅनल, डिकीचा तळ, चेसिसचे मुख्य दांडे हे वेल्डिंगने जोडलेले असतात. तिथे कापून जोडकाम झालं असेल तर भाव खरोखर मोठ्या प्रमाणात पडतो, कारण पुढचा गिऱ्हाईकही तिथेच अडतो.

तपासणाऱ्याला विचारा: नेमका कोणता भाग? लेखी अहवाल मागा आणि जागेवर दाखवायला सांगा. ॲप्रनवर कंपनीचे गोल स्पॉट-वेल्ड एकसारख्या अंतरावर असतात. हाताने केलेलं वेल्डिंग वेडंवाकडं दिसतं आणि वरून सीलंट फासलेलं असतं. जुन्या दुरुस्तीचं बिल जवळ असेल तर ते दाखवा. त्यात फक्त दरवाजा आणि फेंडर असल्याचं स्पष्ट होतं. अपघात लपवून फायदा होत नाही, कारण क्लेमचा इतिहास कळतोच. नेमकं सांगितलं आणि कागद दाखवला की वजावट त्या कामापुरतीच राहते.

पुरात बुडालेल्या गाडीचं प्रकरण वेगळं. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर किंवा चिपळूणचा २०२१ चा पूर पाहिलेल्या भागांतल्या गाड्यांचे सीटखालचे नट-बोल्ट, सीटबेल्टचा पूर्ण ओढलेला पट्टा आणि फ्यूज बॉक्स तपासणारा माणूस हमखास बघतो. तुमची गाडी त्या भागातली पण कोरडी राहिलेली असेल, तर त्या वर्षीचं सर्व्हिस रेकॉर्ड सोबत न्या.

प्रश्न: नो क्लेम बोनस जुन्या गाडीबरोबर जातो, असं शोरूमवाला म्हणाला. खरं का? – एक वाचक, ठाणे

खरं नाही. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. क्लेम न केलेल्या वर्षांनुसार तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होतो, आणि नव्या गाडीवर नेता येतो. गाडी दिल्याचा पुरावा (डिलिव्हरी लेटर किंवा मालकी बदलाच्या फॉर्म २९-३० च्या प्रती) आणि जुनी पॉलिसी देऊन विमा कंपनीकडून एनसीबी (नो क्लेम बोनस) लेटर घ्या. ते तीन वर्षं चालतं.

ही सवलत फक्त ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर मिळते, थर्ड पार्टीवर नाही. नव्या गाडीचा ओन डॅमेज हप्ता २४,००० असेल आणि तुमचा बोनस ५० टक्के असेल तर १२,००० वाचले, त्यावरचा १८ टक्के जीएसटी २,१६० वाचला. एकूण १४,१६०. एवढी रक्कम जुन्या गाडीच्या भावात वाढवून मिळवायला अर्धा दिवस घासाघीस करावी लागेल. शोरूमच्या कोटेशनमध्ये एनसीबी धरलेला आहे का, ते नव्या गाडीची पॉलिसी निघण्याआधी बघा. पॉलिसी निघाल्यावर दुरुस्ती करून घेणं म्हणजे हेलपाटे.

प्रश्न: बुकिंगच्या वेळी ठरलेला भाव नव्या गाडीच्या डिलिव्हरीच्या दिवशी पस्तीस हजारांनी उतरवला. ‘मधे तीन महिने गेले’ म्हणाले. – नागपूर

मूल्यांकनाला मुदत असते आणि ती बऱ्याचदा आठवडा-दोन आठवड्यांचीच असते. बुकिंगच्या पावतीवर ती छापलेली नसेल तर शोरूम आपल्या सोयीने बोलतो. दोन-चार महिने वाट बघावी लागणारी गाडी घेत असाल तर पावतीवरच लिहून घ्या: जुन्या गाडीची किंमत अमुक, ती नव्या गाडीच्या डिलिव्हरीपर्यंत कायम, अट एवढीच की गाडी अमुक किलोमीटरपेक्षा जास्त चालणार नाही आणि नवं नुकसान होणार नाही. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर धरून तो आकडा घाला. सही आणि शिक्का घ्या.

लेखी काही नसेल तर जुनी गाडी तिथे द्यायचीच असं नाही. नवी घ्या, जुनी दुसरीकडे विका. काही कंपन्यांच्या योजनेत गाडी बाहेर विकली तरी नव्या मालकाच्या नावावर झालेल्या आरसीची प्रत ठरलेल्या मुदतीत दिल्यास एक्स्चेंज बोनस मिळतो. बुकिंग करताना हे विचारून ठेवा. मग डिलिव्हरीच्या दिवशी कोणी तुम्हाला कोंडीत पकडू शकत नाही.

प्रश्न: सात महिन्यांपूर्वी गाडी शोरूमला दिली. आजही तिचे ई-चलान माझ्या मोबाइलवर येतात. शोरूम म्हणतो, ‘पुढची पार्टी करून घेईल.’ मी काय करू? – एक वाचक, कोल्हापूर

हे लगेच हाती घ्या, कारण प्रश्न चलानापुरता नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. त्या प्रकरणात गाडी विकून बराच काळ लोटला होता आणि ती आणखी काही हातांतून गेली होती. नोंद बदललेली नव्हती, म्हणून पहिल्या मालकाला सुटका मिळाली नाही.

आधी शोरूमला लेखी पत्र द्या: कोणत्या तारखेला, किती वाजता, किती किलोमीटरला गाडी दिली, आणि आरसी ट्रान्सफर किती दिवसांत हवी. डिलिव्हरी नोटची प्रत जोडा. तसंच पत्र तुमच्या आरटीओला द्या आणि पोच घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी दिल्यापासून १४ दिवसांत विकणाऱ्याने कळवायचं असतं, म्हणून उशीर झाला तरी कळवणं न कळवण्यापेक्षा चांगलं. गाडी दिल्यानंतरच्या चलानांवर डिलिव्हरी नोट जोडून तक्रार नोंदवा. फास्टॅग अजून बंद केला नसेल तर आज बँकेला सांगून बंद करा. नाहीतर टोलही तुमच्याच खात्यातून कापला जाईल.

ज्यांनी अजून गाडी दिलेली नाही त्यांच्यासाठी: १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याची तरतूद लागू आहे. अशा अधिकृत डीलरला गाडी दिली की फॉर्म २९-सी (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना) ऑनलाइन भरला जातो आणि तेव्हापासून गाडीची जबाबदारी डीलरवर जाते. शोरूमला पहिल्याच भेटीत विचारा: तुमच्याकडे हे अधिकारपत्र आहे का, आणि २९-सी ची पोच मला कधी मिळेल? भावात पाच हजार कमी मिळाले तरी ही पोच देणारा शोरूम आम्ही निवडायला सांगू.

अधिकारपत्र नसेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून द्यावे लागतील. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरूनच सही करा आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो काढा. आधारकार्डाच्या प्रतीवर ‘फक्त अमुक क्रमांकाच्या गाडीच्या ट्रान्सफरसाठी’ असं आडवं लिहा. पुढचे दोन-तीन महिने एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून नाव बदललं का ते बघत राहा.

प्रश्न: गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर आहे आणि कर्जाचा बोजाही अजून आरसीवर दिसतो, जरी हप्ते संपले आहेत. एक्स्चेंज मिळेल का? – एक वाचक, अमरावती

मिळेल, पण आधी कागद नीट करावे लागतील. क्रम असा. बँकेकडून एनओसी आणि बोजा उतरवण्यासाठीचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्या. बँकेच्या एनओसीला साधारण तीन महिन्यांची मुदत असते, म्हणून घेऊन ठेवून देऊ नका. वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि वारसांचं शपथपत्र लागतं. बाकीच्या वारसांची ना-हरकतही जोडा. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असा नियम आहे. उशीर झाला असेल तर विलंब शुल्क भरून काम होतं.

गाडीची नोंदणी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवून घ्या. ती नसेल तर मालकी बदल आणि बोजा उतरवणं, दोन्ही कामं अडतात. बाकी चलानही भरून टाका.

शोरूम म्हणेल, ‘आमच्याकडे द्या, सगळं आम्ही करतो,’ आणि त्यासाठी वीस-तीस हजार भाव पाडेल. सरकारी शुल्क त्याच्या मानाने फारच थोडं असतं. हेलपाटे तुमचे, पण पैसेही तुमचेच. एक्स्चेंज बोनससाठी जुनी आणि नवी गाडी एकाच नावावर किंवा जवळच्या नात्यात असावी लागते: नवरा-बायको, आई-वडील, मुलं, आणि बऱ्याच कंपन्यांत भाऊ-बहीण. नात्याचा पुरावा म्हणून रेशनकार्ड किंवा आधार चालतं का, ते त्या कंपनीच्या योजनेत बघा.

प्रश्न: आम्ही सावंतवाडीला राहतो. म्हापशाचा डीलर आमच्या एमएच-०७ गाडीला इथल्यापेक्षा वीस हजार जास्त देतो. – एक वाचक

गाडी गोव्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी तुमच्या आरटीओकडून काढावी लागेल, आणि ती कोण काढणार व खर्च कोणाचा, हे आधी ठरवा. तिकडे पुन्हा नोंदणी आणि पुन्हा रोड टॅक्स असतो. तो खर्च करून जास्त भाव देणं डीलरला क्वचितच परवडतं. तेव्हा तो ती गाडी बहुधा महाराष्ट्रातल्याच कोणाला विकणार. तसं असेल तर मधल्या काळात गाडी तुमच्याच नावावर फिरत राहील. गाडीची नोंद बदलल्याचा कागद किती दिवसांत मिळेल हे लेखी द्यायला तो तयार असेल तर वीस हजार जरूर घ्या.

प्रश्न: गाडी आमच्या दुकानाच्या नावावर आहे, घसारा घेतलेला आहे. एक्स्चेंजवर जीएसटी लागेल का? – इचलकरंजी

तुमची नोंदणी जीएसटीत असेल तर विक्रीची किंमत वजा आयकर हिशेबातली घसारा जाऊन उरलेली किंमत, या फरकावर १८ टक्के लागतो. उरलेली किंमत ३ लाख आणि शोरूमने दिले २ लाख ८० हजार, तर फरक उणे आहे आणि कर शून्य. ३ लाख ३० हजार मिळाले तर ३०,००० वर ५,४००. या विक्रीचं बिल तुम्हीच शोरूमच्या नावे करून द्यावं लागेल. एक्स्चेंज म्हणून रक्कम नव्या गाडीत वळती झाली तरी ही विक्रीच आहे, म्हणून हिशेबनिसाला डिलिव्हरीच्या आधी सांगा. घरगुती वापराची, स्वतःच्या नावावरची गाडी विकणाऱ्यांना यातलं काहीच लागत नाही. तोट्यात गेली तरी, नफ्यात गेली तरी भांडवली नफ्याचा कर नाही.

रोखीबद्दल एक गोष्ट सगळ्यांसाठी. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेइतका. जुनी गाडी बाहेर विकत असाल तर घेणारे तुम्ही असता. बँकेतूनच पैसे घ्या, आणि खात्यात जमा झाल्याचं बघून मगच किल्ली द्या.

प्रश्न: बाहेरून सीएनजी किट बसवलंय. भाव वाढेल ना? – जळगाव

किटची नोंद आरसीवर असेल आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (दाबाची चाचणी) चालू मुदतीत असेल (ती दर तीन वर्षांनी करावी लागते), तर थोडा फायदा होतो. नोंद नसेल तर शोरूम गाडी घेणारच नाही किंवा भाव पाडेल, कारण नोंद न केलेल्या किटमुळे विम्याचा क्लेमही अडतो. अशा वेळी दोन वाटा आहेत: मान्यताप्राप्त किट असेल तर बिल आणि प्रमाणपत्र देऊन आरसीवर चढवून घ्या, नसेल तर किट उतरवून गाडी पेट्रोलवर आणा, पाइप आणि डिकीतले ब्रॅकेट नीट काढा आणि मगच दाखवायला न्या. सिलिंडरची जागा मोकळी दिसली की तपासणारा विचारणारच, तेव्हा किट होतं आणि काढलं हे सरळ सांगा.

प्रश्न: सोळा वर्षांची गाडी आहे. शोरूम पंचवीस हजार देतो. – लातूर

तुलनेला भंगाराचा भाव काढा, पण नाक्यावरच्या भंगारवाल्याकडे नव्हे. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिली तर वजनाप्रमाणे पैसे मिळतात आणि वर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी स्क्रॅपला जमा केल्याचं प्रमाणपत्र) मिळतं. नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये त्या प्रमाणपत्रावर सवलत आहे, आणि काही कंपन्याही त्यावर वेगळी सूट देतात. नव्या गाडीवर रोड टॅक्स लाखभर असेल तर टॅक्समधली सवलतच दहा हजारांच्या घरात जाऊ शकते. चालू सवलत किती टक्के, ते आरटीओत विचारून हिशेब मांडा आणि मग पंचवीस हजारांशी तुलना करा. स्क्रॅप केलीत तर आरसी रद्द झाल्याची नोंद एमपरिवहनवर दिसेपर्यंत प्रमाणपत्राची मूळ प्रत जपून ठेवा.